निळी वेल फुलली की नेते

निघायच्या दिवशी सकाळी गाडीवाला रस्त्यावर हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि मी मोरीच्या मागे उकिडवी बसून बिया पेरत होते. शेजारी माझी मुलगी ओवी. तेव्हा ती सात वर्षांची होती. आदल्या दिवशी माझ्या आईने त्या बिया दगडावर घासून वाटीत भिजत घातल्या होत्या. काळ्या, तीन कडांच्या, मिऱ्याहून लहान बिया. त्यांचं साल इतकं चिवट, की घासल्याशिवाय पाणी आत जात नाही. सकाळी ज्या फुगल्या होत्या त्या आम्ही वेचून घेतल्या. ओवी बोटाने मातीत भोक पाडायची आणि मी बी टाकायची. शाळेच्या पुस्तकात या वेलीला मॉर्निंग ग्लोरी म्हणतात. आमच्या घरी नुसती निळी वेल.

रात्रीपासून ओवीचं एकच चाललं होतं, "तू मला न्यायला कधी येणार?" मला तारीख कुठे ठाऊक होती! मी नर्स. आयर्लंडमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये नोकरी मिळाली होती. आधी मी जायचं, रुजू व्हायचं, घर भाड्याने घ्यायचं, आणि मग मुलीला आणायची परवानगी मागायची. ती कधी मिळेल ते देव जाणे. हे त्या पोरीला काय समजावणार, कपाळ माझं? निळी वेल पाऊस सरता सरता फुलते, तोवर कागद होतील असा मी मनाशी हिशेब केला आणि बोलून गेले, "ही वेल फुलली ना, की मी तुला न्यायला येते."

आई मागे उभी होती. ती म्हणाली, "पोरीला असला शब्द नको देऊस, वैशे. वेल हाय ती. यष्टी नाय, टायमाला यायला."

मी चिडले. आधीच तो गाडीवाला हॉर्न मारतोय, त्यात हिचं हे. "तू गप गं," म्हटलं आणि हात धुतले. ओवी रडली नाही. तिने पेरलेल्या जागेभोवती काटक्या रोवल्या, कोंबड्यांनी उकरू नये म्हणून, आणि मी गाडीत बसेपर्यंत तिथून उठली नाही. गाडी चौक गावाच्या पुढे हायवेला लागली तेव्हा मला हुंदका फुटला. ड्रायव्हर बिचारा गाणी लावून मोकळा झाला.

हे मी लिहितेय ते तुमच्यासाठी, जे कर्जत-खालापूरकडे राहिलात आणि "तुमचं काय बाई, मजा आहे" म्हणता. आणि त्यांच्यासाठीही, जे माझ्यासारखे पोर आईच्या पदरात टाकून विमानात बसलात. ओवीचे बाबा रसायनीच्या कारखान्यात कामाला होते. ओवी नुकती रांगायला लागली होती तेव्हा रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. त्यानंतर घरात कमावणारी मी एकटी. भाताची जमीन आहे थोडी, पण आमच्या चहूबाजूंनी फार्महाऊस झाली. ज्यांनी जमिनी विकल्या ते आता तिथेच वॉचमन आहेत. मला आमची जमीन विकायची नव्हती आणि ओवीला कुणाच्या गेटवर उभी करायची नव्हती. म्हणून गेले. हौस म्हणून नाही.

आयर्लंडमधलं हे गाव छोटं, शांत आणि ओलं. मला भाड्याने वरच्या दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालकीण ब्रीडा राहायची, साठीची, ताठ, बोलायला जेवढ्यास तेवढी. मागे एक बॅकयार्ड होतं आणि एक कोपरा वापरायला तिने मला परवानगी दिली होती. ओवीला आणायचं तर ब्रीडाचं पत्र लागणार होतं, की मुलीसाठी वेगळी खोली आहे आणि ती या घरात राहू शकते. ते पत्र नाही तर अर्ज नाही, आणि अर्ज नाही तर ओवी नाही. म्हणून मी त्या घरात मांजरीच्या पावलांनी वावरायची. भाजीला फोडणी द्यायची तरी आधी खिडक्या उघडायची.

इथल्या दुकानात मला त्याच वेलीच्या बियांचं पाकीट मिळालं. पाकिटावर अगदी आमच्या मोरीमागचं फूल. मला इतका आनंद झाला की काउंटरवरच्या मुलीला उगीच थँक्यू थँक्यू म्हणत सुटले. म्हटलं, आपणही लावू. ओवीच्या वेलीला पान आलं की माझ्याही येईल, रोज बोलायला काहीतरी राहील. बिया घासल्या, भिजवल्या, पेरल्या. सगळ्या कुजल्या. पुन्हा पेरल्या, पुन्हा कुजल्या. माती गारढोण आणि वर हिरवं शेवाळ. मे सरत आला तरी जमिनीत हात घातला की बर्फातून काढल्यासारखा निघायचा.

आता भातवाल्याच्या मुलीला अशा वेळी काय सुचणार? राब. आमच्याकडे भाताचं बी टाकायच्या आधी त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, काटक्या अंथरतात, वरून थोडी माती टाकतात आणि भाजतात. तण मरतं, जमीन ऊब धरते, रोप जोमाने येतं. लहानपणापासून पाहिलेलं काम. गल्लीच्या टोकाला घोडे पाळणारा एक जण होता, त्याच्याकडून वाळलेली लीद आणली. सुकं गवत, पुठ्ठे, झाडाची पानं, सगळं कोपऱ्यात नीट थरावर थर लावलं. जूनच्या पहिल्या रविवारी दुपारी पेटवलं आणि चहा टाकायला वर गेले.

चहाला उकळी येईपर्यंत खाली बोंबाबोंब. पांढरा धूर कुंपणावरून शेजाऱ्यांच्या धुतलेल्या चादरींत, तिथून ब्रीडाच्या स्वयंपाकघरात. आमच्याकडे राबाचा धूर दिसला तर लोक म्हणतात, अमक्याचा राब लागला. इकडे फायर ब्रिगेड आली! लाल गाडी, हेल्मेट घातलेले दोन बाप्ये, पाइप. लाकडी कुंपणाच्या दोन फळ्या काळ्या पडल्या होत्या. मी जिन्यात उभी, हातात पातेल्याची पकड तशीच. त्यातला एक जण मला हळूच विचारत होता, मॅडम, तुम्ही काय जाळत होतात? आता "राब" याला इंग्रजीत काय म्हणायचं? मी म्हटलं, "सॉइल." तो माझ्याकडे बघतच राहिला.

ब्रीडाचा चेहरा पांढराफटक. ती ओरडली नाही, तेच वाईट. म्हणाली, या घरात पुढे कोण राहील याचा मला विचार करावा लागेल, महिनाअखेर सांगते. मी मुलीचं सांगायला गेले, तर तिने हात वर करून मला थांबवलं. त्या रात्रपाळीला मी दोनदा एकाच आजोबांचं ब्लडप्रेशर घेतलं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, पोरी, तुझंच घेऊ का?

आईला फोनवर सांगितलं तर ती आधी खदाखदा हसली. "बिलायतेत राब भाजलास? आनि पेटवून आत गेलीस? राबाला कुनी एकटं सोडतं व्हय गं?" मग तिच्या लक्षात आलं की मी रडतेय. "उगी. होईल काहीतरी," म्हणाली, आणि ओवीला फोन दिला. ओवी सांगत होती की तिच्या वेलीला हृदयासारखी पानं आली आहेत आणि आजीने सुतळी बांधून दिली आहे.

ते सगळे दिवस जीव टांगणीला होता. महिनाअखेरीला ब्रीडाने दार वाजवलं. तिच्या मागोमाग मी बॅकयार्डात गेले. भाजलेल्या कोपऱ्यात मी नंतर पेरलेल्या बियांना हिरवे, दोन शेंड्यांचे कोंब आले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, जळक्या फळ्यांकडे पाहिलं. "फळ्या तू बदलून देशील," म्हणाली, "आणि पुन्हा काडी ओढायची नाही." मग विचारलं, "मुलीचं नाव कसं लिहायचं?" तिने लिहायच्या आधीच मी तिचे दोन्ही हात धरले. तिला ते अजिबात आवडलं नाही. पण पत्र मिळालं आणि अर्ज गेला.

आणि खरा ताण तिथून सुरू झाला. आता मला भीती एकाच गोष्टीची, की ओवीची वेल परवानगीच्या आधी फुलेल. मी रोज माझ्या दुपारी फोन करायची, म्हणजे तिकडे ती शाळेतून आलेली असायची. निळ्या वेलीचं फूल सकाळी उमलतं, ऊन चढलं की जांभळट पडतं आणि दुपारपर्यंत मिटून लोंबतं. त्यामुळे माझ्या फोनच्या वेळी बघायला काही नसायचंच. ओवी सांगेल तेच खरं. "आलं का गं फूल?" मी विचारायची. ती म्हणायची, "नाय आलं." मी म्हणायची, "अरेरे," आणि मनात म्हणायची, सुटले बाई.

श्रावण गेला, गणपती आले आणि गेले. "नाय आलं." शेजारच्या काकूंच्या कुंपणावर तीच वेल, तिच्यावर फुलंच फुलं असल्याचं आईच्या बोलण्यात आलं. मग आपली का नाही? आई म्हणाली, "कळ्या धरतात गं, पन सकाळी बघावं तर नसतात. किडा असंल." मी म्हटलं, राख मार. ती म्हणाली, मारते. माझी स्वतःची वेल तर नुसती पानांनी माजली होती, कुंपणावरून पलीकडे गेली होती, पण कळी म्हणून नाही. राबाने जमीन जास्तच ताकदीची झाली असावी, आणि इकडचे उन्हाळ्याचे दिवस इतके लांबलचक की वेलीला रात्र मिळेना. मी मनात म्हणायची, दोन्ही वेली माझ्या बाजूने आहेत. शहाण्या आहेत.

दसऱ्याच्या सुमारास परवानगी आली. मी ड्यूटीवर औषधांच्या ट्रॉलीपाशी होते. तिकीट काढलं. आईला सांगितलं, ओवीला मुद्दाम सांगितलं नाही. मला ते बघायचं होतं ना, ती मला अचानक बघते आणि धावत येते ते. विमानभर मी तेवढंच बघत आले.

गाडी मी रस्त्यावरच सोडली. नुकतं उजाडलं होतं, माथेरानच्या डोंगरावर धुकं होतं, कापणीला आलेल्या भाताचा वास येत होता. चपला हातात घेऊन घराला वळसा घातला. मोरीमागे ओवी उलट्या घमेल्यावर उभी होती, माझ्याकडे पाठ करून. फ्रॉक आखूड झाला होता. वेल कौलांपर्यंत गेली होती. ओवी वर हात करून एकेक कळी तोडत होती. उमलायला आलेल्या, पिळलेल्या छत्रीसारख्या लांब कळ्या. तोडायची आणि खिशात टाकायची. अगदी मन लावून, एकही सुटू नये अशी.

मी म्हटलं, "ओवी?"

ती वळली. धावत आली नाही. तिने दोन्ही हात खिशावर ठेवले.

"कळ्या का तोडतेस गं?"

ती जमिनीकडे बघून म्हणाली, "फुललं की जायला लागंल ना मला."

माझं डोकं फिरलं, खोटं कशाला बोलू. ज्या पोरीसाठी मी परक्या देशात कुंपण जाळून बसले, ब्रीडाच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं, ती मी यायला नको म्हणून रोज पहाटे उठत होती. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. त्याऐवजी मी सरळ घरात गेले. आई चुलीपाशी होती. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"गनपतीच्या आधीपासनं."

"आणि मला किडा किडा सांगत होतीस?"

तेव्हा आई उखडली. तिला तशी उखडलेली मी क्वचितच पाहिली आहे. "मग काय सांगायचं होतं मी? तू तिकडं एकटी. तुझी पोर तुझ्याकडं यायला मागत नाय, असं फोनवर सांगू? आनि तिला काय सांगू, तोडू नको? जा तुझ्या आईकडं, आजीचं काय व्हायचं ते व्हवू दे? तीच मला इचारते, आजी, मी गेले तर तुझ्या डोळ्यांत थेंब कोन घालंल." मग चुलीत नसलेला धूर डोळ्यांत गेल्यासारखी ती पदराने डोळे पुसत राहिली. मी तिच्या बाजूला बसले. दोघींनी मिळून कोरा चहा घेतला. भांडण तिथेच राहिलं, मिटलं नाही.

संध्याकाळी वेलीवर दुसऱ्या दिवशीच्या कळ्या दिसत होत्या. ओवी घमेल्यापाशी जाऊन परत आली. सकाळी उठून पाहिलं तर मोरीमागची भिंत निळी झाली होती. एवढी फुलं मी निळ्या वेलीवर आजवर पाहिली नव्हती, की इतक्या दिवसांनी पाहिली म्हणून तसं वाटलं, कोण जाणे. ओवी तोंड न धुता तिथे उभी होती. थोड्या वेळाने आत गेली आणि दप्तर घेऊन बाहेर आली. आत दोन फ्रॉक, कंपास आणि आजीची एक जुनी साडी.

"चल," ती म्हणाली.

"आज नाही गं बाळा. विमान शनिवारी आहे."

"बरं," म्हणाली आणि दप्तर दाराशी ठेवलं. ते शनिवारपर्यंत तिथेच होतं.

त्या आठवड्यात ती माझ्याशी नीट वागली, पाहुणीशी वागतात तसं. पाणी आणून द्यायची, पांघरूण द्यायची. झोपायची आजीजवळ. मी रात्री आढ्याकडे बघत पडायची. शुक्रवारी मी ठरवलं, नाही न्यायचं. अजून एक वर्ष राहू दे. परवानगी गेली तर जाऊ दे, पुन्हा मागू. पोरीचा असा जीव काढून कुठलं घर वसवणार मी?

शनिवारी गाडी आली. ओवी दप्तर पाठीला लावून पुढे झाली. मी तिच्या पाठीवरून ते उतरवलं आणि परत आत नेऊन ठेवलं. म्हटलं, "तू राहा आजीकडे. मी येत जाईन."

मला वाटलं होतं ती मला मिठी मारेल. ती संतापली. लाल झाली नुसती. "तू म्हनाली होतीस ना, फुललं की नेते? फुललं ना? मी एक पन नाय तोडली. मग?" मी आईकडे बघितलं. ओवी ताडताड आत गेली, दप्तर घेऊन आली, गाडीत बसली आणि दार आपटलं. "चल!" म्हणाली आतून. दप्तर मांडीवर घट्ट धरून बसली.

आई माझ्या कानाशी म्हणाली, "बस तू पन. पोरगी शब्दाची पक्की हाय. तुझ्यावर नाय गेली." आणि मला गाडीकडे ढकललं. खरंच ढकललं. मग ती घराकडे वळली. तिने हात केला की नाही ते मला दिसलं नाही.

ओवी पनवेलपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "आजीला फोन लाव. थेंब घातले का विचारायचंय."

आता ती इथे, आयर्लंडमध्ये माझ्याजवळ आहे. सुरुवातीचे महिने अवघड गेले. शाळेत कुणाशी बोलायची नाही, घरी माझ्याशी कमी आणि फोनवर आजीशी जास्त. "घरी" म्हणजे कर्जत. "घरी आजी असं करते, घरी असं नसतं." मी ऐकून घ्यायची. गिळायची. मग हळूहळू ब्रीडाकडे जाऊन बसायला लागली. तिच्याबरोबर पत्ते खेळते, आणि ब्रीडा जिंकली तर वर येऊन मराठीत तिला शिव्या घालते. आता तिच्या बोलण्यात शाळेतले उच्चार येतात. "नाय" मात्र गेलेलं नाही.

परवा मी लॅपटॉपवर या सुट्टीत कर्जतला जायची तिकिटं बघत होते. ओवी खांद्यावरून वाकून बघत होती. तिचा श्वास गालाला लागत होता. तिने विचारलं, "आई, परतीचं काढतेस ना?"

मी म्हटलं, "का गं?"

"असंच. परत यायला पाहिजे ना आपल्याला. शाळा आहे."

मी परतीचं काढलं. कार्डाचा नंबर दोनदा चुकला. इतक्या दिवसांत मला असा आनंद झाला नव्हता, आणि तो सांगायला माणूस एकच होतं. लगेच आईला फोन केला. ओवी काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांगितलं.

मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग आई म्हणाली, "बरं झालं बाय. लागली रुजायला." मी म्हटलं, "हो ना!" आणि बोलताना माझ्या लक्षात आलं, की जिचं घर ओवीविना रिकामं झालं, तिलाच मी ही बातमी देतेय. फोन दोघींपैकी कुणीच ठेवला नाही.